मदत हवी आहे : फुप्फुसातल्या जुन्या गुठळ्यांच्या ऑपरेशनसाठी दुसरं मत

आई, वय ५४, सांगली. दीड वर्षापूर्वी पायातली गुठळी फुप्फुसात गेली. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी एकदाही चुकलेली नाही, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये असतो. तरी दम वाढतच गेला. आता देवघराच्या दोन पायऱ्या चढली की चौकट धरून उभी राहते, ओठ निळसर पडतात.

व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते पाहणारा), सीटी अँजिओ, उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन झालंय. निदान सीटीईपीएच, म्हणजे जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसाच्या धमन्यांत वाढलेला रक्तदाब. रिओसिग्वाटने (हा दाब कमी करणाऱ्या गोळीने) थोडाच फरक.

एका सर्जननी सांगितलं, गुठळ्या फार आतल्या फांद्यांत आहेत, ऑपरेशन होणार नाही. पण यात शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ थांबवून धमनीचं आतलं अस्तर सोलून काढतात. त्याला बसलेला हातच लागतो. त्यामुळे नेहमी ही ऑपरेशनं करणाऱ्या टीमने पाहिल्याशिवाय मी 'नाही' हे उत्तर मानणार नाही.

प्रवासात ऑक्सिजन लागतो, म्हणून उगाच खेपा नकोत. मुंबई, पुणे, बंगळूर कुठेही चालेल.

तुमच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन किंवा फुप्फुसाच्या धमन्यांची बलून अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करणं) झाली असेल तर सांगा : कुठे केलीत, एकूण खर्च किती आला, आणि आधी नुसती सीडी पाठवून मत मिळतं का?