रॉ फाईल उघडते हो, फोटो कुठे उघडतो?

पाणवठा:
परवा सह्यवेडा यांनी इथेच रॉ फाईलबद्दल (कॅमेऱ्याने टिपलेला, अजून चित्र न झालेला कच्चा माल) लिहिलं होतं, "रॉ म्हणजे निगेटिव्ह. वीस वर्षं जुनी फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, पूर्वीपेक्षा झकास निघते. जुन्या फायलींची रडगाणी बंद करा." प्रतिसाद लिहायला बसलो तर तो इतका वाढला की वेगळा धागाच काढतोय. रडगाणंच आहे, नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

2008 साली गावी आजीचा फोटो काढला. चुलीपुढे बसलेली, अंगावर हिरवं इरकली, दारातून आलेली तिरीप नेमकी पदरावर. कॅमेरा दहा मेगापिक्सेलचा. कॅमेरा कंपनीच्याच विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये (नाव घेत नाही, नाहीतर ब्रँडयुद्ध सुरू होईल) दोन रात्री त्यावर बसलो. चेहऱ्यावर उजेड ओढला, पदराचा हिरवा वेगळा धरला, मागची भिंत दाबली. हे सगळे बदल ते सॉफ्टवेअर रॉ फाईलच्याच पोटात ठेवायचं. वाटलं, काय सोय आहे! पुढच्या वर्षी आजी गेली. प्रिंट एकच, ती आत्याकडे, दमटपणाने काचेला चिकटलेली. ते सॉफ्टवेअर कधीच बंद झालं, नव्या संगणकावर चढतच नाही.

गेल्या आठवड्यात ती फाईल आजच्या एका एडिटरमध्ये घेतली. अर्धा सेकंद माझाच फोटो दिसला. तोच पदर, तीच तिरीप. मग पडदा एकदा लवला आणि चेहरा काळवंडला, भिंत पांढरीफटक, इरकलीला शेवाळाचा रंग. फाईल उघडली का? उघडली. एररसुद्धा नाही. याला उघडणं म्हणायचं?

सह्यवेडा:
नाव घेतलंच आहे तर बोलतो. आजींचं वाचून वाईट वाटलं, पण यात रॉचा काय गुन्हा? सेन्सरने टिपलेले आकडे जसेच्या तसे आहेत. तुमचे बदल म्हणजे एका सॉफ्टवेअरला दिलेल्या सूचना. त्या दुसऱ्याला कशा कळणार?

माझे 2009 च्या वारीचे फोटो आहेत. दिवेघाट, ढगाळ संध्याकाळ, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 पर्यंत चढवलेला, सगळीकडे नुसता रवा सांडलेला. टाकून दिले होते. लाइटरूम या अडोबीच्या एडिटरमध्ये 2023 ला एआय डिनॉइझ (हा रवा पुसणारी सोय) आलं, त्यातून काढले तर टाळकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का दिसायला लागला. हे रॉ होतं म्हणून जमलं. तुम्हीही परत एडिट करा. दहा मिनिटांचं काम.

तिखटमीठ:
"दहा मिनिटांचं काम" हे नेहमी दुसऱ्याच्या कामाबद्दलच का असतं?

2012 मध्ये लाइटरूम 4 आलं तेव्हा उजेड कमीजास्त करायच्या फिल लाइट आणि रिकव्हरी या पट्ट्या गेल्या, हायलाइट्स-शॅडोज आले. जुन्या फोटोंच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह दिसायला लागलं. मी अतिशहाणी, सगळे फोटो निवडले आणि नव्या प्रोसेसवर (म्हणजे उजेड-रंगाच्या नव्या हिशोबावर) नेले. कास पठाराच्या तीन मोसमांचे फोटो होते. सीतेची आसवं या फुलांचा जांभळा मी प्रत्येक फोटोत हाताने बसवला होता. सरळ करता करता चौथा मोसम आला.

सह्यवेडा:
ताई, ते बटण तुम्ही दाबलंत! दाबलं नसतं तर जुना फोटो आजही जुन्याच प्रोसेसने दिसला असता. डार्कटेबल हा फुकटचा एडिटरही तेच करतो, जुने मोड्यूल (एडिटची अवजारं) नव्या एडिटसाठी लपवतो पण जुन्या एडिटमध्ये चालू ठेवतो.

तिखटमीठ:
चूक माझीच, वर "अतिशहाणी" लिहिलंय ते वाचा. पण एका दुकानाने स्वतःचा जुना माल सांभाळला म्हणून दुसऱ्या दुकानातला माल सांभाळला जाईल असं नाही. धागा त्यावर आहे.

कॅमेराकाका:
तुम्ही पोरं एडिटवर भांडताय. 2005 मध्ये निकॉनने डी2एक्स कॅमेऱ्याच्या रॉ फायलीत व्हाइट बॅलन्सचे आकडेच कूटबद्ध केले होते. फोटो मी काढायचा, आणि तेव्हा प्रकाश कसला होता हे मलाच सांगायचं नाही! डेव्ह कॉफिन नावाच्या माणसाने ते फोडलं. त्याचा डीसीरॉ हा रॉ फायली उघडणारा, एकहाती लिहिलेला प्रोग्रॅम, आणि त्याच्या पायावर आजचं लिबरॉ उभं आहे, जे कितीतरी एडिटर रॉ उघडायला वापरतात. ज्या "कुठेही उघडते"चा एवढा तोरा आहे ना, ते कंपन्यांनी दिलेलं नाही, असल्या माणसांनी उकरून काढलंय. अडोबीचं डीएनजी (सगळ्या कॅमेऱ्यांसाठी एकच रॉ फाईलप्रकार) 2004 पासून उघड आहे. पेंटॅक्स-लायकाने घेतलं, बाकीच्या बड्या कॅमेरा कंपन्यांना कमीपणा वाटतो.

सह्यवेडा:
काका, दंडवत. पण डीएनजी केलं की कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर ती फाईल घेत नाही, तेही सांगा.

कॅमेराकाका:
म्हणून मूळ फाईल टाकायची नसते. यातही शिकवणी लावू का?

स्टुडिओवाला_सातारा:
तुमचं शौकीन लोकांचं बरं आहे, आजी नि फुलं. आम्ही पोट भरतो यावर. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, 2011 चं लग्न, म्हणे रॉ द्या, भाचा नव्या सॉफ्टवेअरमध्ये छान करून देणार आहे. अहो, अल्बम दिला, सीडी दिली! आचाऱ्याने पंगत वाढली, लोक ढेकर देऊन गेले, आता चौदा वर्षांनी उरलेला शिधा परत मागायचा?

तिखटमीठ:
शिधा यजमानाचाच असतो, दादा. आचारी फक्त रांधतो.

स्टुडिओवाला_सातारा:
कॅमेरा कुणाचा? लेन्स कुणाची? मांडवात बारा तास उभं कोण राहिलं? माझी कच्ची फाईल भाचा घेणार, नवरीला केशरी करणार आणि खाली माझ्या स्टुडिओचं नाव राहणार.

कॅमेराकाका:
कायदा तुमच्या बाजूने नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 17: पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा.

स्टुडिओवाला_सातारा:
कॉपीराइट म्हणजे फायली द्या असं त्यात लिहिलंय का? आणि त्या चौदा वर्षं सांभाळायचं भाडं कुठल्या कलमात आहे? तीन हार्ड डिस्क बदलल्या मी. एक तर नुसती टकटक करत मेली.

तिखटमीठ:
मग करारात लिहून घ्या, रॉ मिळणार नाही म्हणून.

स्टुडिओवाला_सातारा:
आता घेतो. 2011 ला हळदीच्या दिवशी कोण करार करत होतं? सुपारी फोडली की काम ठरलं.

पाणवठा:
मंडळी, हा धागा माझ्या आजीच्या फोटोवर होता.

सह्यवेडा:
तुमच्यावरच येतो. त्याच वेळी एक टिफ (तयार चित्राची फाईल) काढून ठेवली असती तर हा धागाच निघाला नसता. चित्र वेगळं साठवायचं असतं हे मूलभूत आहे.

पाणवठा:
आणि परवाच्या लेखात तुम्ही हे मूलभूत लिहायला विसरलात. तिथे "निगेटिव्ह आहे, बिनधास्त राहा" एवढंच होतं. निगेटिव्हवरून प्रिंट काढणारा माणूस डार्करूममध्ये काय करायचा, ते निगेटिव्हमध्ये येतं का?

सह्यवेडा:
बरं. लेखात एक ओळ वाढवतो. खूश?

निमा:
मी फारशी लिहीत नाही, पण ते अर्ध्या सेकंदाचं कुणीच का पकडलं नाही? तो भास नव्हता. रॉ फाईलच्या आत एक तयार जेपेग असतं, एडिटर आधी ते दाखवतो आणि मग स्वतःच्या हिशोबाने चित्र नव्याने काढतो. तुमचा अर्ध्या सेकंदाचा फोटो एडिट केलेला दिसला, म्हणजे त्या जुन्या सॉफ्टवेअरने सेव्ह करताना आतलं जेपेगही बदललं होतं. फोटो फाईलच्या आतली माहिती वाचणारं एक्झिफटूल फुकट मिळतं. त्यात जेपेग-फ्रॉम-रॉ नावाचा टॅग आहे, तो वेगळ्या फाईलमध्ये काढा. आधी प्रत करून घ्या आणि मूळ फाईल कशातूनही सेव्ह करू नका.

पाणवठा:
निमाताई, निघाला. मूळ फोटोएवढाच मोठा. जेपेगचे चौकोन भिंतीवर दिसतात, पण पदर हिरवा आहे आणि तिरीप जिथल्या तिथे. आत्याला पाठवला, तिने फोन करून आधी विचारलं, "माझी काच फोडलीस का रे?"

सह्यवेडा:
म्हणजे जुनी फाईल उघडली की शेवटी!

पाणवठा:
हो, आणि आतून जेपेग निघालं. ज्याला तुम्ही हिशेबातच धरलं नव्हतं तेच.

स्टुडिओवाला_सातारा:
हे एक्झिफटूल अख्ख्या फोल्डरवर एकदम चालतं का? रॉ देणार नाहीच मी. पण त्या बाईंना आतली जेपेगं काढून देता आली तर बघतो. भाच्याला काय केशरी करायचंय ते त्यावर करू दे.