मदत हवी आहे: एका खोलीत दोन वर्ग, आणि मुलं तोंडच उघडत नाहीत (वानुआतू)

करवंटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जिल्हा परिषदेच्या शाळेत, विशेषतः द्विशिक्षकी शाळेत किंवा पाड्यावर शिकवणारं कोणी असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा. लांबलंय, पण नेटवर्कसाठी अर्धा तास टेकडी चढून आलेय, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते.

मी सध्या वानुआतूत आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फिजीच्या अलीकडे, ८० च्या वर बेटांचा देश. सगळी मिळून वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी. मी उत्तरेकडच्या पेनामा प्रांतात आहे. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मूळची मी गुहागरची, लग्नानंतर ब्रिस्बेनला. बी.एड. केलंय, पण शिकवलं फक्त दोन वर्षं, चिपळुणात, तेही माध्यमिकला. नंतर आयुष्य ऑफिसात गेलं. मुलगा कॉलेजला गेला, घर रिकामं झालं, म्हणून एक वर्षासाठी स्वयंसेवक शिक्षिका म्हणून नाव दिलं. फेब्रुवारीत शाळा सुरू झाली, आता अडीच महिने झाले.

शाळा बालवाडी ते सहावी. कमरेपर्यंत सिमेंटची भिंत, वर जाळी, त्यावर पत्रा. वीज नाही, मुख्याध्यापकांच्या खोलीत सोलरची एक प्लेट आहे, तिच्यावर सगळ्या गावाचे फोन चार्ज होतात. घंटा म्हणजे आंब्याच्या झाडाला टांगलेला गॅसचा रिकामा सिलिंडर. आमच्या शाळेत रुळाचा तुकडा होता, आवाज अगदी तोच. पहिल्या दिवशी ऐकला आणि उगाच पोटात गोळा आला, गृहपाठ राहिल्यासारखा.

एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून पाचवी आणि सहावी एकत्र करून माझ्याकडे दिली. १४ आणि १३, एकूण २७ मुलं. फळा एकच. मधोमध खडूची रेघ मारून डावीकडे पाचवी, उजवीकडे सहावी असं चाललंय. एका बाजूला शिकवायला लागले की दुसरी बाजू नुसती बसून असते. दंगा करत नाहीत हो, तेच तर दुःख आहे. गप्प बसून माझ्याकडे बघतात.

आता भाषेचं. ह्या देशात शंभराहून जास्त भाषा आहेत. मुलं घरी बेटाची भाषा बोलतात. परक्या बेटावरच्या माणसाशी बिस्लामा, म्हणजे इंग्रजी शब्दांवर उभी राहिलेली इथली राष्ट्रभाषा. आणि वरच्या वर्गात शिक्षण इंग्रजीतून. (शेजारच्या गावातल्या शाळेत फ्रेंचमधून! १९८० पर्यंत इथे ब्रिटिश आणि फ्रेंच दोघांचं मिळून राज्य होतं, त्याची ही वाटणी.) म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी भाषा. मराठी, हिंदी धरली तर माझीही तिसरीच.

धडा वाचायला सांगितला की घडाघडा वाचतात. अर्थ विचारला की शांतता. दान आलेली पुस्तकं आहेत, त्यांत सरकते जिने आणि आगगाड्या. इथे कोणी आगगाडी पाहिलेली नाही. ह्याचं मला फार वाटत नाही, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, तेव्हा मी दहावीत होते, आणि तोवर आम्हीही "झुकूझुकू" नुसतं म्हणतच होतो. पण गणितातही तेच. "कळलं का?" विचारलं की सत्तावीसच्या सत्तावीस गप्प. तिसऱ्या आठवड्यात समजलं की ती मुलं भुवया उडवतायत, आणि इथे भुवया उडवणं म्हणजे "हो". मी तीन आठवडे समजत होते की कार्ट्यांना माझं हसू येतंय. बरं, आता भुवया कळतात, पण चाचणी घेतली तर नऊ जणांना भागाकार येत नाही. मग तो "हो" कसला?

एका मुलीला उत्तर येतं हे मला तिच्या वहीवरून माहीत असतं. उभी केली की मान खाली आणि तळव्याने तोंड झाकते. सहकारी शिक्षक म्हणतात "सेम", म्हणजे लाज वाटते. चुकलं तरी लाज, बरोबर आलं तरी लाज, कारण मग बाकीचे चिडवतात.

आणखी एक किस्सा, ह्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. म्हटलं वर्गाबाहेर काढू या. शुक्रवारी बिस्लामात नीट पाठ करून सांगितलं, "तुमोरा बाए मिफाला इ गो लोंग सोलवोटा", म्हणजे उद्या आपण समुद्रावर जाणार. शनिवारी सकाळी मी शिंपले मोजायच्या टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभी. चिटपाखरू नाही. तास वाट पाहून परत आले. सोमवारी मुलांनी अगदी प्रेमाने विचारलं, "मिस, समुद्रावर मजा आली का?"

तर माझे प्रश्न: दोन वर्ग एका वेळी कसे सांभाळायचे? मुलांना बोलतं कसं करायचं? आणि पत्र्यावर पाऊस आला की काहीच ऐकू येत नाही, तेव्हा काय करायचं? इथे पाऊस म्हणजे आपल्या जुलैसारखा.

जेवणाचं: रोज अळकुड्या, सुरण, केळी, नारळ. माझी काय तक्रार असणार! किसलेला कंद पाल्यात गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवतात, "सिम्बोरो". ती अळूवडीची बिनफोडणीची बहीण आहे. तो पाला भेंडीच्या कुळातला, तसाच बुळबुळीत. खवणीसुद्धा आपल्यासारखी, पाटावर बसून खोवायची. मी पहिल्याच दिवशी सहा नारळ खोवले तेव्हा यजमान मामा पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणी बोलल्या. (इथे आईच्या वयाच्या बाईला "मामा" म्हणतात. माझ्या मामाला हे अजून सांगितलेलं नाही.)

पारावरचा

थेट विचारतो, राग मानू नका. गडचिरोलीत शिक्षक मिळत नाहीत, आणि आपण पॅसिफिकमध्ये जाऊन भागाकार शिकवतोय. हौस म्हणून ठीक आहे, पण वर्षभराने तुम्ही निघून याल, मुलं तिथेच.

करवंटी

राग नाही. वर्षाने निघून जाण्याचा मुद्दा मलाही टोचतो, म्हणूनच हे वर्ष फुकट जाऊ नये असं वाटतंय. कुठे पाठवायचं ते संस्था ठरवते, मी फक्त "नारळ असतील तिथे चालेल" म्हटलं होतं. आता भागाकारावर काही सुचत असेल तर सांगा.

शब्दखोड

ताई, मी शिक्षक नाही, भाषांची हौस आहे एवढंच. तुमच्या समुद्राचा उलगडा सोपा आहे आणि तो मराठी माणसालाच चटकन कळेल. बिस्लामात "मिफाला" म्हणजे आम्ही. "आपण" साठी "युमी". तुम्ही वर्गाला सांगितलंत, "उद्या आम्ही समुद्रावर जाणार आहोत." कोण येणार? मुलं शहाणी आहेत, आगंतुकासारखी आली नाहीत, आणि सोमवारी चौकशीही केली!

शाळेत रोज राष्ट्रगीत होत असेल ना? त्याची सुरुवातच "युमी, युमी, युमी" अशी आहे.

करवंटी

अरे देवा. कपाळावर हात मारून घेतला. टेकडीवर एकटीच बसलेय म्हणून बरं.

मला इंग्रजीतून छापलेला एक कागद मिळाला होता, त्यात दोन्हीपुढे एकच इंग्रजी शब्द होता. "युमी" म्हणजे "तू आणि मी", दोघांपुरतं, असं मी मनाशी धरून चालले होते. राष्ट्रगीत रोज म्हणते, हात छातीवर ठेवून! म्हणजे अडीच महिने मी वर्गात "आम्ही आता गणित करू या" म्हणतेय, आणि मुलं वाट बघतायत की बाई आणि कोण ते करणार. म्हणून गप्प बसतात की काय?

शब्दखोड

सगळा दोष सर्वनामावर टाकू नका, पण थोडा टाकायला हरकत नाही.

खडू_फळा

ताई, नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात १२ वर्षं झाली. द्विशिक्षकी शाळा. मुलं घरी पावरी बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत. त्यामुळे तुमचं लिहिलेलं वाचून मान डोलवत होतो, भुवया म्हणा हवं तर.

पहिलं म्हणजे ती रेघ पुसा. फळ्यावर दोन वर्ग केले की मास्तर अर्धा होतो. विषय एक घ्या, उतरंड वेगळी. भागाकार असेल तर दोन्ही वर्गांना आधी काड्या द्या. दहाचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा, तिथे नारळाच्या हिरांना काय तोटा! ४२ काड्या तिघांत वाटा म्हणावं. गठ्ठा सोडल्याशिवाय वाटणी होत नाही हे हाताला कळलं पाहिजे. ज्यांना आलं ते पुढच्या गणिताला, मग ते पाचवीतले असोत की सहावीतले. तुमच्या त्या नऊ जणांचं कुठे अडतंय ते पहिल्याच दिवशी दिसेल. माझा अंदाज, हातच्यात.

"कळलं का?" हा प्रश्न कायमचा बंद. कुठल्याही गावातलं पोर ह्याला हो म्हणतं. त्याऐवजी म्हणा, "उत्तर शेजारच्याच्या कानात सांग." मग उभं करून विचारा, "तुझा शेजारी काय म्हणाला?" चुकलं तर ते शेजाऱ्याचं, आणि शेजारी तर उभाच नाही. लाज वाटायला माणूसच उरत नाही. माझ्याकडे एक मुलगी दोन वर्षं बोलली नव्हती, ती ह्यावर बोलली, कारण तिला मैत्रिणीची चूक सांगायची होती.

आणि रोज पहिली दहा मिनिटं तुम्ही विद्यार्थी व्हा. त्यांच्या घरच्या भाषेतला एक शब्द त्यांनी शिकवायचा, तुम्ही फळ्यावर लिहायचा, म्हणायचा. चुकाल. मुद्दाम चुकायची गरज नाही, आपोआप चुकाल. बाई चुकतात आणि बाईंना लाज वाटत नाही, हे त्यांना रोज दिसू द्या. मी असा हजारभर शब्दांचा कोश केलाय, अजूनही उच्चाराला हसतात.

नीरफणस

छान धागा. एक शंका: तिथे नीरफणस असेल ना? आमच्याकडे वेंगुर्ल्याला काप करतात. मूळचा तिकडचाच म्हणतात.

करवंटी

@नीरफणस, अहो अंगणातच आहे. इथे निखाऱ्यावर अख्खा भाजतात, साल काळी झाली की काढून टाकतात. काप करून खाऊ घातले, पण तिखट कोणाला झेपलं नाही. मुलांनी पाणी पिऊन भुवया उडवल्या. ह्याला "हो" समजावं का ते ठरत नाहीये.

@खडू_फळा सर, दंडवत. उद्यापासून करते. पालकांना भेटायचा काही मार्ग? बाप लोक संध्याकाळी नकामालात असतात. ती गावाची चावडीच, पण तिथे काव्हा (एका झाडाच्या मुळांचं गुंगी आणणारं पेय) पितात, आणि आमच्या गावात बायका आत जात नाहीत.

खडू_फळा

मग आयांना भेटा. पाणी कुठे भरतात तिथे उभ्या राहा. बापांची सभा मीही कधी यशस्वी केलेली नाही.

करवंटी

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये सोळा दिवस जहाज आलं नव्हतं, खडू संपले, कोळशाने भागवलं.

रेघ पुसली. हिरांचे गठ्ठे मुलांनी घरून आणले, पंडानसच्या (केवड्याच्या जातीचं झाड) पातीने बांधून. सरांचा अंदाज बरोबर, नऊपैकी सात जणांचं हातच्यातच अडत होतं. गठ्ठा सोडायला तयारच होईनात, इतका नीट बांधला होता ना! ४२ काड्या तिघांत वाटताना एका पोराने प्रत्येकाला एकेक गठ्ठा दिला, चौथा हातात धरून माझ्याकडे बघत बसला. मी काही बोलले नाही. शेवटी शेजारच्या मुलीने तो त्याच्या हातातून घेतला आणि गाठ सोडली. हीच ती तोंड झाकणारी.

कानगोष्टीचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला, सगळे इतकं हळू कुजबुजले की शेजाऱ्यालाच ऐकू गेलं नाही. चौथ्या दिवशी जमलं. आता "तो चुकीचं म्हणाला" सांगायला हात वर होतात. बरोबर उत्तर सांगायला अजून नाही.

शब्द रोज एक. माझ्या उच्चाराला हसून एक जण बाकावरून पडला.

समुद्रावर परत नेलं. शुक्रवारी "युमी" म्हटलं. शनिवारी २७ मुलं, त्यांची लहान भावंडं, चार आया, एक आजी आणि दोन कुत्रे आले. शिंपले मोजून झाल्यावर आयांनी ते शिजवले.

पावसाचं मात्र अजून काही जमलेलं नाही. परवा दीड तास पत्रा वाजत होता, मी नुसती उभी. सर, तुमच्याकडे पत्राच आहे ना?

खडू_फळा

पत्राच. साधा पाऊस असेल तर फळ्यावरून उतरवून घेणं आणि काड्यांची मूक गणितं, बोटांनी उत्तर दाखवायचं. फारच जोराचा असेल तर आम्ही खिचडी लवकर वाढतो.