मुदत संपल्यावर त्याच गिऱ्हाइकाशी सौदा झाला, तर एजंटला कमिशन द्यायचं का?

मूळ पोस्ट:
काकांनी शेत विकायला एका एजंटकडे दिलं होतं, कागदावर सहा महिन्यांची मुदत आणि कमिशनचा टक्का एवढंच. त्याने गिऱ्हाईक आणलं, विहीर, मोटर, बांध सगळं फिरवून दाखवलं, पण भावात जमलं नाही आणि मुदत संपली. नंतर तोच माणूस थेट काकांकडे आला, भाव जरा उतरवून खरेदीखत झालं, आता एजंट पूर्ण कमिशन मागतोय. माझ्या मते एक पैसा द्यायचा नाही. शेतात जायच्या वाटेचा वाद काकांनीच शेजाऱ्याशी बसून मिटवला, त्याशिवाय सौदा झालाच नसता. तेव्हा हा कुठे होता?

प्रतिसाद:
अहो, पण गिऱ्हाईक आणलं कोणी? अशा भांडणात पहिलं हेच बघतात की सौदा मुळात कोणामुळे घडला. मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि मग मधल्याला बाजूला सारायचं, हे बरोबर नाही.

प्रतिसाद:
ओळख करून दिली म्हणजे सौदा केला असं होत नाही. इंग्लंडमध्ये १९४१ साली लक्झर विरुद्ध कूपर खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत गेला, एजंटने गिऱ्हाईक आणूनही त्याला काही मिळालं नाही.

प्रतिसाद:
तो दाखला इथे लागतच नाही हो. तिथे कमिशन विक्री पूर्ण झाल्यावर ठरलेलं आणि मालकाने त्या गिऱ्हाइकाला विकलंच नाही. इथे विक्री झालीये, तीही एजंटच्याच गिऱ्हाइकाला!

प्रतिसाद:
मुदतीनंतर अमुक महिन्यांत माझ्या गिऱ्हाइकाला विकलं तरी कमिशन द्यावं लागेल, असं कलम बरेच एजंट घालून घेतात. याने घातलं नाही. रोजचा धंदा याचा, कागद बहुतेक यानेच केलेला, मग त्यातल्या उणिवेचा भार मालकाने का उचलायचा?

प्रतिसाद:
कलम राहू दे, एकच सांगा, भाव उतरवला तो कशापायी? एजंटचं कमिशन वाचतंय म्हणून?

मूळ पोस्ट:
काकांना विचारलं. गिऱ्हाईक म्हणालेलं की आता मध्ये कोणी नाही तर तेवढं कमी करा, आणि काकांनी केलं. पण मुदत संपली होती ना, मग कोणाशी कसा व्यवहार करायचा ते काकांनी ठरवायचं.

प्रतिसाद:
म्हणजे एजंटचं कमिशन काकांनी आणि गिऱ्हाइकाने वाटून घेतलं. वाटेच्या वादाचं श्रेय काकांचं, त्याबद्दल थोडं कमी द्या, पण बाकीचं त्याला द्याच.

मूळ पोस्ट:
थोडंही का? कागदात नाही ते मी काकांना द्यायला सांगणार नाही.