दाब वरून, मग दगड उभा का फाटतो?

वाळपईकर:
नमस्कार मंडळी. सिव्हिलचा डिप्लोमा करून चार महिने झाले, फोंड्याकडच्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये शिकाऊ म्हणून आहे. गेल्या आठवड्यात काणकोणच्या बाजूच्या ग्रॅनाइटचे कोअर, म्हणजे खडकातून कापून काढलेले दंडगोल तुकडे, आले. व्यास ५४ मिमी, उंची दुपटीहून जराशी जास्त. पहिला मशीनमध्ये ठेवला आणि लोड चढवत गेलो. बराच वेळ काही नाही. मग आतून टिक, टिक, फोडणीत मोहरी तडतडावी तसं. काटा तरी वर जातच होता. आणि एकदम धाड! जाळीआडून बघतो तर उभ्या चिपा, केळीचे सोप सुटावेत तशा बाजूला फाकलेल्या.

दाब तर वरून खाली होता. मग बाजूला ओढलं कुणी? साहेबांना विचारलं तर म्हणाले, ठिसूळ दगड असाच फुटतो. माझं समाधान झालं नाही. आमचे आजोबा पाथरवट. दगड निवडताना हातोडीने वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचे, बद वाजला तर सोडायचे. ते टिकटिक ऐकताना मला तेच आठवत होतं. दगड तेव्हापासूनच फुटत होता का?

खाणकाका:
हो बाबा, तेव्हापासूनच. मी डिचोलीच्या पट्ट्यात तीस वर्षं खाणींच्या उतारांवर काम केलं, त्यातलं बरंचसं आयुष्य याच प्रश्नात गेलं.

ग्रॅनाइट डोळ्यांना अखंड दिसतो, पण आत कणाकणांच्या सांध्यांत आणि अभ्रकाच्या पापुद्र्यांत बारीक भेगा असतातच. त्यातली एक तिरकी भेग डोळ्यांसमोर आण. वरून दाब आला की तिच्या दोन कडा एकमेकींवरून घसरू बघतात. घसरताना भेगेच्या टोकाशी एका अंगाला दगड चेपतो आणि दुसऱ्या अंगाला ताणला जातो. म्हणजे बाहेरून सगळा दाबच असला तरी त्या टिचभर जागेत ताण तयार होतो, आणि ताणापुढे दगड फार दुबळा. तिथून नवा तडा फुटतो आणि वळत वळत दाबाच्या दिशेला समांतर, म्हणजे उभा होतो. दोन्ही टोकांना असे तडे येतात, म्हणून त्यांना पंख-तडे म्हणतात. तुझ्या चिपांचं मूळ तेच.

ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये काचेवरून भेगांचं गणित मांडलं आणि १९२४ मध्ये ते दाबाला लावलं. त्या हिशोबाने दाबातली ताकद ताणातल्या ताकदीच्या आठपट येते. कठीण खडकांत प्रमाण बहुधा त्याहून जास्तच निघतं, कारण मिटलेल्या भेगेच्या कडा घासतात आणि घसरण अडते.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ताणात एक भेग सुटली की दगड गेलाच. दाबात मात्र तडा थोडा वाढतो आणि थांबतो; त्याला पुढे ढकलायला आणखी लोड लागतो. ब्रेस आणि बोंबोलाकिस या संशोधकांनी १९६३ मध्ये काचेत मुद्दाम भेगा ठेवून हे दाखवलं. म्हणून काटा चढत होता आणि टिकटिकही चालू होती. पुढे तडे इतके दाट होतात की शेजारचे एकमेकांना गाठतात, मधल्या बारीक पट्ट्या वाकून मोडतात, मग धाड.

त्याच कोअरला बाजूने दाब दिलास तर पंख मिटलेले राहतात, ताकद खूप वाढते आणि शेवटी दगड तिरक्या पट्टीत कातरला जातो. खाणीच्या उघड्या कड्याला बाजूचा आधार नसतो, म्हणून तिथे कड्याला समांतर चिपा सुटतात.

पेडण्याची_माती:
काका, २०२४ च्या जुलैत आमच्या पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात पाणी आणि चिखल आला, गाड्या बंद पडल्या. तेही असंच का?

खाणकाका:
नाही. तिथली जमीन मऊ, चिकणमातीची, पाण्याने फुगून वाहणारी. त्याला भेगांचं गणित लावू नये.
पाण्याचा संबंध कठीण खडकातही आहे, पण वेगळा. ताणलेल्या भेगेच्या टोकाशी पाणी पोचलं की तिथले सिलिकाचे बंध सैल होतात आणि तडा कमी लोडवरसुद्धा हळूहळू सरकत राहतो. पावसात कड्याखाली माणसं उभी करू नका, असं मी प्रत्येक बैठकीत सांगायचो ते यासाठीच.

वाळपईकर, एक कर. पुढच्या कोअरला उभा आणि आडवा असे दोन्ही स्ट्रेन गेज लाव, म्हणजे दगड किती दबला आणि बाजूला किती पसरला ते मोजता येईल. जाळी लावल्याशिवाय मात्र मशीनला हात नको.

वाळपईकर:
काका, लावले. सुरुवातीला आडवा गेज जेमतेम हलत होता. शेवटच्या लोडच्या साधारण निम्म्यावर आल्यावर तो भराभर वाढू लागला, उभा मात्र आपल्या चालीनेच. बेरीज केली तर दगड दाबला जात असताना आतून फुगत होता! दोनदा हिशोब तपासला.

खाणकाका:
बरोबर आहे तुझा हिशोब. तडे उघडले की आत पोकळी वाढते. ब्रेस, पॉल्डिंग आणि शोल्झ यांनी १९६६ मध्ये हेच मोजलं. फुगणं मोडण्याच्या लोडच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांशावर सुरू होतं. आकडे वहीत नीट उतरवून ठेव.

वाळपईकर:
ठेवलेत. आजोबांनाही आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. दोन कोअर उरलेत, त्यातला एक कालपासून पाण्यात बुडवून ठेवलाय. सोमवारी दोन्ही लावतो.