कुकर आणि सुतळी
समुद्रकाठच्या दिवेआगरला बंगल्यात राहून स्वतःच रांधायचं, तर तांदूळ, डाळ, तेल, मसाला आणि बर्फातली सुरमईही घरूनच न्या, असं एकाने सुचवलंय. किराण्याचं पटलं. पण सुरमईसुद्धा बर्फात घालून न्या? दिवेआगरला जाऊन पुण्याची मासळी कशाला खायची! मासळीच्या जागी सामानात मोठा कुकर ठेवा. आम्ही गेलो तेव्हा बंगल्यात गॅस, भांडी सगळं होतं, कुकर मात्र तीन लिटरचा आणि खाणारी तोंडं सात. भात दोनदा लावूनही पुरेना. वैतागून रात्रीची थाळी बाहेरून मागवली, वाचवलेले पैसे तिथेच गेले.

आणि सुतळी, चिमटे विसरू नका. खाऱ्या, दमट हवेत टॉवेल वाळता वाळत नाहीत. या खेपेला पडवीत दोरी बांधली, रोज कपडे पिळून टाकले. माणशी दोन जोड पुरले, बॅगा निम्म्या झाल्या आणि सगळे एकाच गाडीत मावलो. दुसऱ्या गाडीचं भाडं वाचलं. मीठ तेवढं घट्ट झाकणाच्या बरणीत न्या, आमच्या पुडीचा ओला गोळा झाला होता.