ठाण्याहून दादरला वेळेवर पोहोचायचे असेल, तर जलद गाडी धरावी की ठाणे लोकल?

माजिवड्याची प्रवासी

आम्ही नुकतेच माजिवड्याला राहायला आलो असून माझे कार्यालय दादरला आहे. साडेनऊनंतर पोहोचल्यास लेट मार्क लागतो आणि तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. पावसाळ्यात गाड्या रखडतात हे समजू शकते. परंतु लख्ख ऊन पडलेले असताना, बिघाडाची कसलीही घोषणा झालेली नसताना, कर्जत किंवा कसाऱ्याहून येणारी जलद गाडी दहा-पंधरा मिनिटे उशिरा येते, आणि आली तरी दारातल्या गर्दीमुळे आत पाय ठेवता येत नाही. हा उशीर नेमका कशामुळे होतो आणि त्याचा आधी अंदाज बांधता येतो का? तसेच जलद गाडीचा नाद सोडून ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी पकडणे शहाणपणाचे ठरेल का? लवकर निघण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण मुलाची शाळेची बस आल्याखेरीज मला घर सोडता येत नाही.

कळव्याचा जुना पासधारक

ताई, हा उशीर ठाण्यात होत नाही, तो मागून घेऊनच गाडी ठाण्याला येते. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांना लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांचा भार मुख्यतः दोनच मार्गिकांवर आहे. कसारा मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर लांब असल्याने तिकडून निघालेली लोकल एखादी एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी एकदा बाजूला उभी केली, की तिचा कल्याणचा क्रम चुकतो आणि मग ती दुसऱ्या गाडीच्या मागे घुटमळत येते. त्यात दिवा स्थानकाजवळच्या रेल्वे फाटकाने वर्षानुवर्षे भर घातलेली आहे. फाटकातून वाहने जात असतील तोवर गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि एखादा टेम्पो रुळांवर अडकला की मागच्या गाड्यांची रांग लागते. खारेगावचे फाटक उड्डाणपूल झाल्यावर बंद झाले, तेव्हा आम्हा कळवेकरांना फरक लगेच जाणवला होता.

ठाणे ते दिवा पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना कुर्ल्यापर्यंत स्वतंत्र वाट मिळाली. मात्र कुर्ल्याच्या पुढे या मार्गिकांचे काम रखडलेले असल्याने दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणाऱ्या एक्स्प्रेस तिथून जलद लोकलच्याच रुळांवर येतात. तुमची जलद गाडी कुर्ल्याच्या अलीकडे विद्याविहारच्या आसपास विनाकारण उभी राहिल्यासारखी वाटते, तेव्हा बहुधा हेच कारण असते.

ठाणे लोकलला यातले बरेचसे भोगावे लागत नाही. दादरला ती जलद गाडीपेक्षा साधारण बारा-पंधरा मिनिटे जास्त घेते, पण तेवढीच घेते, आणि लेट मार्क चुकवायचा असेल तर हाच हिशेब महत्त्वाचा आहे. एक मात्र ध्यानात ठेवावे, की ही गाडी मुंबईहून आलेल्याच डब्यांची बनते. त्यामुळे येणारी गाडी घाटकोपरला वेळेवर आली होती का, हे मोबाईलवर पाहूनच घरून रिक्षा करावी.

महिला डब्यातून

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ठाण्याहून सुटते म्हणून गाडी रिकामी मिळेल, या भ्रमात राहू नये. मुलुंड-भांडुपच्या कितीतरी जणी डाऊन करून येतात, म्हणजे उलट्या दिशेने ठाण्यापर्यंत येऊन त्याच जागेवर बसून परत जातात, आणि गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या असतात. आत शिरताच बसलेल्या बाईंना "कुठे?" एवढेच विचारावे. त्यांनी "घाटकोपर" म्हटले की ती जागा तुमची झाली; मग मागून आलेली कुणीही त्यावर हक्क सांगत नाही.

कितीही उशीर होत असला तरी जलद गाडीच्या दारात उभे राहू नये. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडून जीव गमावून बसले, आणि त्यानंतर लोकलला स्वयंचलित दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. प्रथम श्रेणीच्या पासाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते: महिलांचा तो कप्पा इतका छोटा आहे, की गर्दीच्या वेळी जादा पैसे मोजूनही उभेच राहावे लागते.

वातानुकूलित पर्याय सुचवणारा

मे २०२२ मध्ये एकेरी प्रवासाचे भाडे निम्मे केल्यापासून वातानुकूलित लोकल अगदीच आवाक्याबाहेर राहिलेली नाही, हेही विचारात घ्यावे. अडचण इतकीच, की या गाड्या कमी असल्याने एक चुकली किंवा ऐनवेळी तिच्या जागी साधी गाडी आली, तर सगळा बेत फसतो.

ऐरोलीला जाणारा

आमची व्यथा वेगळी असली तरी तिचा तुमच्या गर्दीशी संबंध आहे. कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईत कामाला जाणारे आम्ही सारे ठाण्याला उतरतो आणि पूल चढून ९, १० आणि १०अ या फलाटांकडे धावतो. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाल्यापासून हेच चालले आहे. पनवेल गाडीची घोषणा झाली की जिन्यावर वर येणारा आणि खाली जाणारा लोंढा समोरासमोर अडतो आणि कुणालाच हलता येत नाही. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर आम्हाला ठाण्यात उतरावेच लागणार नाही. त्या प्रकल्पातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. जोडमार्ग मात्र तिथल्या रहिवाशांच्या पुनर्वसनापाशी अडला आहे. २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा फलाट ५ रुंद केला, ते चांगलेच झाले, परंतु माणसांचा ओघ तोच राहिला तर रुंदी किती काळ पुरणार?

माजिवड्याची प्रवासी

सर्वांचे आभार. ठाणे लोकलच धरीन म्हणते. तीही रेंगाळू लागली, तर वाटेत उतरून जलद गाडी धरावी का?

कळव्याचा जुना पासधारक

कुर्ल्याला मुळीच बदलू नये. हार्बर मार्गाच्या गर्दीतून फलाट बदलेपर्यंत तुमची धीमी गाडी शीवला पोहोचलेली असते. बदलायचेच असेल तर घाटकोपरला, कारण २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीकडे जाणारे बरेच लोक तिथे उतरतात आणि जलद गाडीत थोडी जागा होते. परंतु तेही जलद गाडी फलाटावर शिरताना डोळ्यांना दिसत असेल तरच. इंडिकेटरवर दाखवलेल्या मिनिटांच्या भरवशावर हातातली जागा सोडू नये.