मदत हवी आहे: साठलेले पॉइंट कुठल्या पर्कवर घालू?

रात्रपाळी_१९
मंडळी, १६० साठलेत. एकच पर्क (पात्राला जास्तीची ताकद देणारं कार्ड) जोरात वाढवू की तिन्ही थोडे थोडे? थोड्या वेळात मित्र ऑनलाइन येतील, त्याआधी ठरवायचंय. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. प्लीज थोडक्यात सांगा.

विंचू_काटा
कुठला गेम?

जुना_जादूगार
मी डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन २००९ मध्ये फुकट झाला तेव्हापासून खेळतोय. क्वेस्ट पूर्ण केल्या की फेवर मिळतो आणि फेवर वाढला की दुकानात चालणारे पॉइंट मिळतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, ते पोशनवर उडवू नकोस. पोशन एका लढाईत संपतं. अ‍ॅडव्हेंचर पॅक घे, तो कायम तुझ्याकडे राहतो आणि त्यातल्या क्वेस्टमधून परत फेवर मिळतो. नवीन मुलं हे ऐकत नाहीत आणि मग दुकानाला नावं ठेवतात.

रात्रपाळी_१९
फॉलआउट ७६ हो. पर्क म्हटल्यावर लक्षात येईल असं वाटलं.

विंचू_काटा
पर्क दहा गेममध्ये असतात. आणि ७६ मध्ये १६० म्हणजे कसले? अ‍ॅटम, सीझनची तिकिटं, स्क्रिप, बुलियन की कार्डं मोडून मिळणारे पर्क कॉइन? ही सगळी वेगवेगळी चलनं आहेत. अ‍ॅटम असतील तर प्रश्नच मिटला, ते कपडे आणि कॅम्पच्या सजावटीत जातात, लेजंडरी पर्क (५० लेव्हलपासून मिळणारे खास पर्क) त्यातून वाढत नाहीत.

घाटावरची_गोळी
लेव्हल पण सांग. पीसी की कन्सोल? शस्त्र कुठलं?

रात्रपाळी_१९
पर्क कॉइन. लेव्हल ११२. पीसी. हेवी गन. आता सांगा.

घाटावरची_गोळी
पॉवर आर्मर (यांत्रिक चिलखत) घालतोस का? लेजंडरी पर्कच्या तीन स्लॉटमध्ये आत्ता काय लावलंय? स्पेशलचे, म्हणजे पात्राच्या सात गुणांचे, सातही आकडे टाक. त्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

रात्रपाळी_१९
पॉवर आर्मर हो, नेहमी. लेजंडरी इंटेलिजन्स, अ‍ॅमो फॅक्टरी, इलेक्ट्रिक अ‍ॅब्सॉर्प्शन. तिन्ही पहिल्या रँकला.
स्ट्रेंग्थ १५, परसेप्शन ४, एन्ड्युरन्स ५, करिश्मा ६, इंटेलिजन्स ९, अ‍ॅजिलिटी ४, लक १३.

सदाफुली
हेवी गन आहे ना, मग डोळे मिटून लेजंडरी स्ट्रेंग्थ घे. माझ्या भावाचं पण हेवी गनचंच आहे, त्याने तेच केलं.

घाटावरची_गोळी
@सदाफुली ताई, त्याची स्ट्रेंग्थ आधीच १५ आहे. कार्डं लावायला १५ च्या वर जागा मिळत नाही, मग कॉइन घालून हाती काय येणार? तुमच्या भावाची १० असेल तर त्याचं बरोबरच आहे.

@रात्रपाळी_१९ आकड्यांची बेरीज ५६ होते, मूळ पॉइंट तेवढेच असतात, म्हणजे हे लेजंडरीचे धरून नाहीत. इंटेलिजन्स ९ अधिक १, आत्ता १०. आता हिशोब बघ. पहिल्यावरून दुसऱ्या रँकला ५० कॉइन, तिसऱ्याला आणखी १००, चौथ्याला आणखी १५०. तुझ्या १६० मध्ये दोनच गोष्टी बसतात. एक तर तिन्ही पर्क दुसऱ्या रँकला, नाहीतर एकच तिसऱ्या रँकला.

मी इंटेलिजन्स तिसऱ्याला नेईन. १ च्या जागी ३ मिळतात, म्हणजे दोन पॉइंटांची कार्डं जास्त बसतात. आणि इंटेलिजन्स वाढली की एक्सपी (अनुभवाचे गुण) वाढतो, लेव्हल लवकर चढते, कार्डं जास्त मिळतात आणि तीच मोडून पुढचे कॉइन येतात. पुढे चौथ्या रँकला तर थेट ५ मिळतात. बाकी दोन पर्क असे परत पैसे देत नाहीत.

लोखंडी_पेटी
पटत नाही. तो आज मित्रांबरोबर खेळणार आहे, पुढच्या महिन्याचं व्याज घेऊन काय करेल? तिन्ही दुसऱ्या रँकला ने. इंटेलिजन्सचा एक पॉइंट मिळेल, गोळ्या जास्त बनतील आणि एनर्जीवाले शत्रू मारतील तेव्हा इलेक्ट्रिक अ‍ॅब्सॉर्प्शन लागू पडायची शक्यता वाढेल. ते लागलं की जीव भरतो, पॉवर आर्मर चालवणारा फ्यूजन कोअर पण चार्ज होतो. हेवी गनवाल्याला कोअर आणि गोळ्या ह्या दोनच काळज्या असतात.

घाटावरची_गोळी
गोळ्या लढताना बनवतोस का? अ‍ॅमो फॅक्टरी फक्त टिंकर्स वर्कबेंचसमोर उभं असताना लागते. बनवायच्या वेळी लावायची, काम झालं की काढायची. लेजंडरी पर्क बदलायला काही पडत नाही आणि वाढवलेली रँक तशीच राहते. त्याच वेळी अ‍ॅमोस्मिथ आणि सुपर डुपर ही बनवताना जास्त माल देणारी कार्डं पण लावायची. एवढं केलं तर पहिल्या रँकलाही पोतंभर गोळ्या होतात. वर तो स्लॉट बाकीचा सगळा वेळ मोकळा राहतो.

लोखंडी_पेटी
दर वेळी मेन्यू उघडून अदलाबदल कोण करतं? पब्लिक इव्हेंट सुरू होतो, घाईत तसाच जातोस आणि अर्ध्यात कळतं की लढाईचा पर्क लावायचा राहिला. मी लावून ठेवतो, सुखी आहे.

विंचू_काटा
त्यासाठीच पंच कार्ड मशीन आहे. रेल्वे स्टेशनवर असतं, कॅम्पमध्येही बांधता येतं. एक लोडआउट (कार्डांचा जतन केलेला संच) लढाईचा, एक बनवायचा.

रक्तबंबाळ
मूळ चूक पॉवर आर्मर आहे. काढून टाक. अनयिल्डिंग (आयुष्य कमी असताना गुण वाढवणाऱ्या) आर्मरचे पाच तुकडे मिळव आणि आयुष्य कमी ठेवून खेळ. एका तुकड्याला जास्तीत जास्त ३ धरले तरी पाचांचे १५ होतात, करिश्मा सोडून बाकी सगळ्याला, एन्ड्युरन्स वगळून. इंटेलिजन्ससाठी एक कॉइन लागणार नाही.

लोखंडी_पेटी
त्याने आर्मर कुठलं घालू असं विचारलंय का? ११२ लेव्हलला पाच अनयिल्डिंग कुठून आणणार तो? आणि करिश्मा वगळून नाही, फक्त एन्ड्युरन्स वगळून. नीट वाचून लिहा.

रक्तबंबाळ
करिश्माचं बरोबर, ती पण वाढते. पण मुद्दा तोच आहे. कमी आयुष्यावर खेळायची एकदा सवय झाली की दुसरं काही नको वाटतं.

सदाफुली
फॉलआउट फर्स्ट (गेमची पैसे भरून घ्यायची सदस्यता) घेतलंय का? स्क्रॅपबॉक्स मिळतो, शिसं कितीही साठवता येतं. मग गोळ्यांची चिंताच नाही.

रात्रपाळी_१९
फर्स्ट घ्यायचं नाहीये. एक राहिलं. बरीच कार्डं नुसती पडून आहेत. सगळी मोडली तर ३०० एकदम जमतील आणि हा वादच संपेल ना?

घाटावरची_गोळी
थांब, आधी आकडा समजून घे. कार्डाच्या एका रँकला २ कॉइन. म्हणजे एक पर्क चौथ्या रँकला न्यायला लागणारे ३०० सगळे मोडून आणायचे तर १५० रँकची कार्डं गेली. तुझ्याकडे १६० आहेत, राहिले १४०, म्हणजे अजून ७० रँक. तेवढी खरंच फालतू कार्डं असतील तर मोड. कधीच न वापरलेल्या पिस्तुलाची, धनुष्याची, तिसऱ्यांदा आलेली, ही बिनधास्त जाऊ देत. पण अ‍ॅमोस्मिथ, सुपर डुपर, हार्ड बार्गेन आणि दुरुस्तीची कार्डं लोडआउटमध्ये दिसत नाहीत म्हणून फालतू समजू नकोस. ती गेली तर लेव्हल चढल्यावर पुन्हा निवडता येतात, पण दर कार्डामागे एक लेव्हल त्यातच जाते.

विंचू_काटा
आणि मार्च २०२५ मध्ये घूल (किरणोत्सर्गाने बदललेली माणसं) खेळायला आले. ५० लेव्हलनंतर घूल होता येतं आणि त्यांची वेगळी कार्डं असतात. पुढे व्हायचा विचार असेल तर आत्ता सरसकट मोडामोड करू नकोस.

रात्रपाळी_१९
घूल नाही व्हायचं. ठीक, इंटेलिजन्स तिसऱ्याला नेतो. जास्तीची कार्डं शनिवारी बसून बघेन. आज एक्सपी कुठे चांगला मिळेल?

लोखंडी_पेटी
मित्र आहेत तर कॅज्युअल टीम बनवा, सगळ्यांची इंटेलिजन्स वाढते. प्रत्येकाने इन्स्पिरेशनल लावा, टीममध्ये असताना एक्सपी वाढवणारं कार्ड आहे. निघण्याआधी पलंगावर झोपून वेल रेस्टेडचा एक्सपी बोनस घ्या. मग वेस्ट टेक या ठिकाणी जा. आत सुपर म्युटंट खच्चून असतात, हेवी गनला तीच जागा. आणि इलेक्ट्रिक अ‍ॅब्सॉर्प्शन काढू नकोस, एवढं तरी माझं ऐक.

घाटावरची_गोळी
ह्याला माझा विरोध नाही. रेडिएशन रंबल हा इव्हेंट लागला तर वेस्ट टेक सोडून तिकडे पळा.

नवा_भिडू
माझी लेव्हल ४८ आहे. मी आत्तापासूनच कार्डं मोडायला घेऊ का?

घाटावरची_गोळी
नको. पहिला स्लॉट ५० ला उघडतो, मग ७५, १००, १५०, २०० आणि ३०० ला. पहिल्या रँकचा पर्क स्लॉटबरोबर फुकट मिळतो, तुला आज कॉइन लागतच नाहीत. शस्त्र ठरलंय का तुझं?

नवा_भिडू
नाही, जे सापडेल ते वापरतो.

घाटावरची_गोळी
मग आधी ते ठरव. वेगळा धागा काढ, आणि त्यात स्पेशलचे सातही आकडे पहिल्याच पोस्टमध्ये टाक.